एअर सस्पेन्शन: ऑफ-रोडला गाडी किती उचलायची आणि ट्रेलर ओढताना किती ठेवायची?

निळी ताडपत्री

नमस्कार मंडळी. चारही चाकांना एअर सस्पेन्शन असलेली फोर-बाय-फोर घरात आली आहे. आधीची गाडी कॉइल स्प्रिंगची होती, त्यामुळे उंची हा विषयच कधी निघाला नव्हता. आता गिअरच्या मागे एक बटण आहे. खाली दाबलं की गाडी बसते आणि चढ-उतार करायला सोपं जातं, मधली नेहमीची उंची, आणि वर दाबलं की ऑफ-रोड. पुस्तिकेत प्रत्येक उंचीपुढे वेगमर्यादा छापली आहे, पण कुठली उंची कधी घ्यायची आणि का घ्यायची, हे काही धड कळत नाही.

माझी कामं दोन. कच्च्या, दगडगोट्यांच्या वाटा, मधूनच एखादा ओढा. आणि दोन ॲक्सलचा ट्रेलर. ट्रेलर जोडला की गाडीचा मागचा भाग दबतो, मग खालून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते आणि थोड्याच वेळात गाडी पुन्हा सपाट. बघून फार बरं वाटतं. पण म्हणजे आता सगळं ठीक झालं असं समजायचं का? वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ताणलेल्या बारांच्या जोरावर ट्रेलरचा भार पुढच्या ॲक्सलवरही वाटून देणारा जोड) घ्यायचा विचार आहे, तो अशा गाडीला लागतो का, आणि लागला तर बसवायचा कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

पाना-पक्कड

चांगला विषय काढलात. आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा असतो. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती ड्रायरमधून जाते (त्यातले दाणे हवेतलं बाष्प शोषून घेतात), बऱ्याच गाड्यांत एका टाकीत साठते आणि तिथून व्हॉल्व्ह ब्लॉकमार्फत हव्या त्या चाकाकडे जाते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, त्याची छोटी दांडी सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेली असते. कंट्रोल युनिटला एवढंच दिसतं की दांडी किती कोनात आहे. कोन ठरल्यापेक्षा कमी झाला की हवा भर, जास्त झाला की सोड.

हे नीट लक्षात घ्या: यंत्रणा सेन्सरच्या कोनावर चालते. म्हणजे तिला उंची कळते. कुठल्या ॲक्सलवर किती किलो आहेत याच्याशी तिला कर्तव्य नाही. तुमच्या ट्रेलरच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे, पण तो भाग दूरचा पल्ला यांनी लिहावा, त्यांचा हात त्यात जास्त बसलेला आहे.

दुसरी बाब, गाडीच्या रचनेची. १९९२ मध्ये रेंज रोव्हरला एअर सस्पेन्शन आलं तेव्हा खाली पुढे-मागे सलग, कडक ॲक्सल होते. अशा गाडीत फुगे फुगवले की बॉडी आणि चेसिस वर जाते, पण डिफचा (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) गोळा होता तिथेच राहतो, कारण तो ॲक्सलमध्येच बसवलेला असतो. त्याला जमिनीपासून वर न्यायचं तर मोठे टायर लावणं हाच मार्ग. उलट २००४ च्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ सारख्या गाड्यांत चारही चाकं स्वतंत्र आहेत. तिथे डिफ चेसिसला बांधलेला असतो, त्यामुळे गाडी उचलली की डिफही उचलला जातो. तुमची गाडी यातल्या कुठल्या प्रकारची आहे ते खाली वाकून एकदा बघून घ्या. दगड कुठे लागेल हे त्यावर ठरतं.

लाल चिखल

ऑफ-रोडचं मी लिहितो.

किती उचलते हे गाडीगणिक वेगळं. जीप ग्रँड चेरोकीच्या २०११ पासूनच्या पिढीत ऑफ-रोडच्या दोन पायऱ्या होत्या, पहिली साधारण ३३ मिमी, दुसरी ६५ मिमी. २०२० च्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये ऑफ-रोडला ७५ मिमी मिळतात आणि गाडी पोटावर टेकली तर आणखी ७० मिमीपर्यंत. आकडे लहान वाटतात, पण दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पोटाला घासतोय की सुटतोय, याचा निकाल तेवढ्यातच लागतो. नुसता क्लिअरन्सच वाढतो असंही नाही. अप्रोच (पुढून चढताना), ब्रेकओव्हर (पोटाखालचा) आणि डिपार्चर (मागून उतरताना) हे न घासता पार होण्याचे तिन्ही कोन सुधारतात. माझ्या मते खरा फायदा या कोनांतच आहे.

ओढ्यासाठी: पाण्यात उतरण्याआधी गाडी उचला, मध्यावर जाऊन नाही. डिस्कव्हरी ३ मध्ये कॉइलवाल्या गाडीला ६०० मिमी पाणी चालायचं आणि एअरवालीला ७००, ते याच उंचीच्या जोरावर. नव्या डिफेंडरला एअरसकट ९०० मिमी दिले आहेत. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा आणि काठीने खोली मोजल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

आता दुसरी बाजू. उतारावर आडवं जायचं असेल तर उंची कमी करा. हिशेब करून बघा: चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर धरला तर कागदावर गाडी सुमारे ४९ अंशांना कलंडते. ७५ मिमी वर उचलली की तोच आकडा ४६ वर येतो. प्रत्यक्षात खालच्या बाजूचं सस्पेन्शन आणि टायर दबतात, टपावर सामान असतं, एखादं चाक दगडावर चढतं, त्यामुळे खरी मर्यादा याच्या कितीतरी अलीकडे. तिथे तीन अंश सोडून द्यायला मी तयार नाही.

चौथा गिअर

मी तर कच्चा रस्ता सुरू झाला की उचलतो ती डांबर लागेपर्यंत खाली आणत नाही. काही बिघडलं नाही आजवर. उगाच वर-खाली करण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

लाल चिखल

चौथा गिअर, बिघडत नाही हे खरं, पण चाल बिघडते. सस्पेन्शनला वर आणि खाली मिळून एक ठरावीक पल्ला असतो. गाडी उचलली की चाकं बॉडीपासून लांब जातात, म्हणजे खाली लोंबण्याचा पल्ला आधीच खर्च झालेला असतो. मग चाक खड्ड्यात उतरायला गेलं की शॉक ॲब्सॉर्बर शेवटाला धडकतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. चाक खड्ड्याच्या तळाशी पोचतच नाही, हवेत राहतं आणि भलतीकडेच पकड सुटते. लाटालाटांच्या रस्त्यावर जरा वेगात जाताना हे फार जाणवतं. लोक म्हणतात ऑफ-रोड उंचीला गाडी कडक होते. फुग्यात हवा जास्त म्हणून ती कडक होते असं नाही, पल्ला संपलेला असतो.

शिवाय स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. सीव्ही जॉइंटचं (शाफ्टला चाकापाशी कोनात फिरू देणारा सांधा) रबरी बूट सतत ताणलेलं राहतं. दगडांमधून हळू जाताना ठीक आहे, तासन्‌तास त्याच उंचीवर पळवायला तो कोन नाही. वेग वाढला की गाडी आपोआप खाली येते ती त्यासाठीच, आणि स्थिरतेसाठीही.

म्हणून माझी पद्धत: लाटालाटांचा, खडीचा, पण मोकळा रस्ता असेल तर नेहमीची उंची आणि टायरमधली हवा कमी. वर उचलायची ती चाकोऱ्या, पायऱ्या, दगड, पाणी आलं की. ते पार झालं की पुन्हा खाली.

चौथा गिअर

लाटांचं पटलं. तो ठक् आवाज मी शॉकचा बुश गेला असेल म्हणून सोडून दिला होता. मात्र मधोमध उंचवटा असलेली वाट मैलोन्‌मैल चालू असेल तर मी उंचच ठेवणार. पोट घासण्यापेक्षा चाल कडक परवडली.

लाल चिखल

त्याला माझी हरकत नाहीच. वेग तेवढा बैलगाडीचा ठेवा.

सायलेन्सर

एक शंका. चाकं स्वतंत्र असलेल्या गाडीत एक चाक वर गेलं की दुसरं लोंबकळतच राहतं ना? मग नुसत्या उंचीने काय होणार?

पाना-पक्कड

नेमका प्रश्न. यावर काही गाड्यांत सुंदर तोडगा आहे. डिस्कव्हरी ३ मध्ये डाव्या-उजव्या फुग्यांना जोडणारे क्रॉस-लिंक व्हॉल्व्ह आहेत. ऑफ-रोडला ते उघडतात. डावं चाक दगडावर चढलं की डावा फुगा दबतो, त्यातली हवा उजव्या फुग्यात जाते आणि उजवं चाक खाली ढकललं जातं. सलग ॲक्सलच्या गाडीत जे आपोआप घडतं, तेच इथे हवेच्या जोरावर घडतं. पक्क्या रस्त्यावर हे व्हॉल्व्ह बंद राहतात, नाहीतर प्रत्येक वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्या बाजूला पळेल आणि गाडी झोपेल.

दूरचा पल्ला

आता ट्रेलर. जरा लांब होईल.

ट्रेलर मागच्या ॲक्सलवर नाही, त्याच्याही बराच मागे टो बॉलवर (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा) टेकतो. त्यामुळे तरफ तयार होते. समजा बॉलवर १५० किलो आहेत, दोन ॲक्सलमधलं अंतर २.९ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल १.२ मीटर मागे. पुढच्या ॲक्सलवरून १५० × १.२ ÷ २.९ म्हणजे सुमारे ६२ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर १५० नाही, २१२ किलो चढतात. सामान डिकीत, माणसं मागच्या सीटवर, ते वेगळं.

एअर सस्पेन्शन काय करतं? मागच्या फुग्यांत हवा भरून मागची बाजू उचलतं. गाडी सपाट होते, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, सस्पेन्शनचा पल्ला शाबूत राहतो. हे सगळे खरे फायदे आहेत. पण ते ६२ किलो पुढच्या ॲक्सलवर परत येत नाहीत. स्टिअरिंग तेवढंच हलकं, पुढच्या चाकांची पकड तेवढीच कमी, मागचे टायर आणि ॲक्सल तेवढेच ओझ्याखाली. कॉइलच्या गाडीत निदान मागून बसलेली गाडी बघून शंका तरी येते. इथे जास्त भरलेली गाडीही सपाटच उभी राहते.

तुमचा प्रश्न होता ना, गाडी सपाट झाली म्हणजे सगळं ठीक का? नाही. वजनकाट्यावर जा. आधी एकटी गाडी, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा. मग ट्रेलर जोडून तसंच पुन्हा, आणि ट्रेलरचे ॲक्सल स्वतंत्र. दारावरच्या पट्टीवर प्रत्येक ॲक्सलची मर्यादा छापलेली असते, तिच्याशी ताडून बघा. बॉलवर ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भार, ही ढोबळ पद्धत. फार कमी ठेवलात तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वरची मर्यादा मात्र गाडी आणि हिच यांच्या पट्टीवर जी कमी असेल ती.

उंची: रस्त्यावर ट्रेलर ओढताना नेहमीचीच. ट्रेलर जमिनीला समांतर हवा, नाक किंचित खाली असलं तर चालेल, वर नको. तुमचा दोन ॲक्सलचा आहे, त्याला हे जास्त लागू, कारण नाक वर गेलं की त्याच्या मागच्या ॲक्सलवर भार सरकतो, खाली गेलं की पुढच्यावर. बटणाने गाडी वर-खाली करून ट्रेलर समांतर करायचा नाही. टो बॉलचा माउंट योग्य मापाचा घ्या.

निळी ताडपत्री

दूरचा पल्ला, मनापासून आभार. वजनकाट्याचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं राहिलं.

दूरचा पल्ला

आधी गाडीची पुस्तिका. काही उत्पादक एअर सस्पेन्शनवर हा हिच वापरूच नका म्हणतात, काही ठरावीक वजनाच्या पुढे तो सक्तीचा करतात. मनाई असेल तर विषय संपला, हिच बसवण्याच्या जागी चेसिसची तेवढी ताकद गृहीत धरलेली नसते.

चालत असेल तर बसवताना एक फसगत टाळा. कॉइलच्या गाडीवर पुढच्या मडगार्डची उंची टेपने मोजतात. ट्रेलर जोडला की पुढची बाजू वर जाते, मग बार ताणून ती ठरल्याप्रमाणे खाली आणायची. चारही चाकांना एअर असलेल्या गाडीत पुढची बाजू वर गेली की यंत्रणाच पुढच्या फुग्यांतली हवा सोडून ती जागेवर आणते. म्हणजे बार ताणा नाहीतर सैल सोडा, टेप तोच आकडा दाखवणार! वर तुम्ही बार ताणताय आणि गाडी तिकडून हवा सोडतेय, दोघांचं भांडण.

म्हणून आधी गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, मग तिचं आपोआप समतल होणं बंद करा. मेन्यूत जॅक मोड, ट्रेलर मोड अशा काही नावाने हा पर्याय असतो. मग तीन मापं: ट्रेलरशिवाय, ट्रेलर जोडून बार न लावता, आणि बार लावून. समजा पहिलं ५०० मिमी, दुसरं ५२४. काही पुस्तिका अर्धी वाढ परत आणा म्हणतात, म्हणजे ५१२. काहींचा नियम वेगळा, तो पाळा. काम झालं की मोड बंद करायला विसरू नका. आणि शेवटी पुन्हा वजनकाटा.

माप घेताना जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. टायर दबल्याचा फरक त्यात येत नाही.

ओली माती

वाचतेय. आमच्या पिकअपला लीफ स्प्रिंग आहे. बाजारात मिळणारे हवेचे फुगे मागे बसवले तर हेच सगळं मिळेल का? नवरा म्हणतो बसवून टाकू.

पाना-पक्कड

ओली माती ताई, थोडं थांबा. लीफ स्प्रिंगमध्ये भार चेसिसवर दोन टोकांना जातो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. फुगा मधोमध, ॲक्सलच्या वर बसतो आणि सगळा भार चेसिसच्या त्याच ठिकाणी वर ढकलतो. मागे लांब टप्प्यावर जड ट्रेलर आणि खाली खड्डे, असं झालं की चेसिस तिथे वाकते. वाकलेल्या पिकअपचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. फुग्यांनी वजन पेलण्याची मर्यादा वाढत नाही, गाडी दबलेली दिसत नाही एवढंच. आधी सामान पुढे सरकवा, बॉलवरचा भार मोजा, त्यानंतर लागलंच तर भारासाठी बनवलेल्या लीफचा विचार करा.

कॉइलच्या आत बसणारे फुगे तुलनेने सौम्य, कारण भार स्प्रिंगच्याच जागी जातो. तिथे डाव्या-उजव्याला वेगवेगळी नळी घ्या. एका टी-जोडाने दोन्ही जोडले तर वळणावर हवा इकडून तिकडे जाते आणि गाडी जास्त कलते.

ओली माती

धन्यवाद दादा, नवऱ्याला हाच प्रतिसाद वाचायला दिला. आधी वजनकाटा असं ठरलंय.

चौथा गिअर

ट्रेलर जोडायला मात्र या सस्पेन्शनसारखं सुख नाही. गाडी सगळ्यात खाली बसवायची, बॉल कपलरच्या (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) खाली येईपर्यंत मागे घ्यायची, आणि हळूहळू वर उचलायची. कपलर वरून अलगद बसतो. जॉकी व्हीलचं (ट्रेलरच्या नाकाखालचं टेकू चाक) हँडल फिरवत बसायला नको.

दूरचा पल्ला

हो, पण कपलरचं कुलूप बसल्याची खूण डोळ्यांनी बघा, मगच जॉकी व्हील वर घ्या. आणि ट्रेलर जोडलेला असताना गाडी खाली बसवायची नाही. जॉकी व्हील जमिनीवर टेकलेलं असलं तर सगळा भार त्याच्यावर येऊन ते वाकतं.

निळी ताडपत्री

मंडळी, वजनकाट्यावर जाऊन आलो. बॉलवर १४० किलो आहेत, तरफ दूरचा पल्ला यांच्या उदाहरणाइतकीच. गाडी पूर्ण सपाट उभी होती, पुढच्या मडगार्डचं माप ट्रेलरशिवाय आणि ट्रेलरसह अगदी सारखं. आणि पुढचा ॲक्सल काट्यावर ६० किलोने हलका! मागचा ॲक्सल मर्यादेच्या आत आहे, पण डिकी भरली तर बाहेर जाईल. पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी डिकीतून काढून ट्रेलरमध्ये, त्याच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवली. हिचबद्दल पुस्तिकेत स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे तो विचार सोडला.

आणखी दोन प्रश्न. वाटेत चाक बदलायची वेळ आली तर? आणि सेन्सरच्या छोट्या दांड्या बदलून गाडी कायमची उंच करतात, ते कसं?

पाना-पक्कड

चाक बदलताना: आधी जॅक मोड, मग इंजिन बंद. तसं न करता जॅकने एक कोपरा उचललात तर सेन्सरला वाटतं गाडी उंच झाली, तो त्या फुग्यातली हवा सोडतो. काही गाड्या बंद केल्यावरही मधूनच जाग्या होऊन स्वतःला समतल करतात. म्हणून फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हात घालायचा असला तरीही. आधी स्टँड लावा. फुगा फुटला किंवा नळी निसटली तर गाडी क्षणात बसते.

दांड्यांचं: वेगळ्या मापाची दांडी लावली की सेन्सरला गाडी बसलेली वाटते आणि कंट्रोल युनिट हवा भरत राहतं. स्वस्त युक्ती आहे, हळू चालायच्या कठीण वाटेपुरती लावून परत काढणारे लोक आहेत. पण कायम ठेवली तर सगळ्याच उंच्या वर सरकतात. नेहमीची, आणि वेगात आपोआप येणारी खालची सुद्धा. हायवेवर गुरुत्वमध्य वर, शाफ्टचा कोन वाढलेला, चाकांचं अलाइनमेंट बदललेलं, दिव्यांचा झोत बदललेला. पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही तपासावं लागतं. ट्रेलरचं नाक वर जाईल ते वेगळंच. तुम्ही ट्रेलर ओढता, तुम्ही याच्या वाटेला जाऊ नका.

एक शेवटचं, चिखलातून आल्यावर करायचं. गाडी सगळ्यात उंच करून, इंजिन बंद करून, बाहेरूनच पाईपने फुग्यांच्या घड्या धुवा. उंच असताना घड्या उलगडतात आणि आत अडकलेली वाळू निघते, एरवी तीच वाळू रबर घासत राहते. धुऊन झालं की साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. सकाळी एकच कोपरा बसलेला दिसत असेल तर ते काम पुढे ढकलू नका. गळणारा फुगा भरत राहण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो, शेवटी तोही जातो आणि एका फुग्याच्या जागी दोन वस्तू बदलाव्या लागतात.